टांगा स्टेशनावर गेला होता

देल्फिनाचं सगळं आयुष्य सान ग्रातो गावात गेलं, तरी गावातल्या जुन्या बायका तिला शेवटपर्यंत 'पुरातली'च म्हणत राहिल्या. इटलीतल्या पो नदीच्या मुखाकडचा तिचा मुलूख एकावन्न सालच्या पुरात बुडाला, आणि तिकडून बोचकी उचलून जी माणसं वेर्चेल्लीच्या भातखाचरांकडे आली, त्यांना हे नाव चिकटलं ते चिकटलंच. तिने इथल्या माणसाशी लग्न केलं, इथे दोन मुलं वाढवली, इथली बोली इथल्यांपेक्षा झणझणीत बोलायला शिकली. पण पाववाल्याच्या रांगेत कुणाशी वाजलं, की समोरची शेवटी म्हणणारच, "जाऊ दे गं, पुरातली आहे ती. तिच्या तोंडाला कोण लागणार?"

तोंड तिचं खरंच वाईट होतं. आवाज मात्र असा होता, की चर्चच्या मागच्या दारापाशी उभी राहून गायली तरी वेदीजवळचा पाद्री मान वळवून बघायचा. निंदणीच्या म्हाताऱ्या बायांनी पुढे गाण्यांचा गट काढला, तेव्हा पहिली ओळ उचलायचं काम कुणी न सांगता तिच्याकडे आलं. गवती टोप्या, गुडघ्यापर्यंत खोचलेले परकर, गळ्यात लाल रुमाल असा वेश करून या आज्या गावोगावच्या जत्रांत गायच्या. लोक टाळ्या पिटायचे. देल्फिना मान खाली घालून स्टेजवरून उतरायची आणि पालमिराला म्हणायची, "बघ, टाळ्या कशा वाजवतायत. कंबर मोडायची तेव्हा कोण वाजवत होतं?"

पालमिरा तिची जुनी मैत्रीण. गोल, गोरी, कायम खूश. ती म्हणायची, "अगं बाई, आता वाजवतायत ना? मग घे की."

देल्फिना पहिल्यांदा रोवास्काच्या वाडीवर आली तेव्हा जेमतेम वयात येत होती. रोवास्का म्हणजे गावाबाहेरची मोठी वाडी. मधे फरसबंद अंगण, एका बाजूला मालकांचं घर, दुसऱ्या बाजूला तबेले, आणि तबेल्यांच्या वर निंदणीवाल्या बायांची लांबलचक झोपायची खोली. मे संपता संपता टोळ्या यायच्या. बाया गुडघाभर पाण्यात ओळीने वाकायच्या आणि हाताने तण उपटत मागे मागे सरकायच्या. पायाला जळवा, मानेला डास, डोक्यावर ऊन, आणि मागे बांधावर काठी टेकून मुकादम. जेवायला भात आणि राजमा, संध्याकाळी राजमा आणि भात.

देल्फिनाबरोबर तिची थोरली बहीण आल्बा होती. ही आल्बा काही संत नव्हती. ती कामचुकार होती, बहिणीचा साबण चोरायची, आरशासाठी भांडायची, आणि ओत्तोने नावाचा तो मुकादम बांधावरून पलीकडे गेला रे गेला की पाण्यात सरळ उभी राहून त्याची नक्कल करायची. पोट पुढे, मान वाकडी, नाकातून आवाज: "पोरींनो, पाणी काय बघता? पाण्यात काय नवरा दिसतोय?" अख्खी ओळ हसून हसून चिखलात बसायची. एका रविवारी मालकांचा मेहुणा कॅमेरा घेऊन आला, तेव्हा त्याने बांधावर बसलेल्या बायांचे फोटो काढले. त्यात आल्बाचाही काढला. टोपी मागे सरकलेली, तोंड उघडं, समोरचा एक दात किंचित तिरका. हसतेय. त्या घटकेला ती काय म्हणाली होती तेही देल्फिनाला पाठ होतं, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

हंगामाचा शेवटचा आठवडा चालू होता. आल्बा दोन दिवस कुरकुरत होती, पोटऱ्या दुखतायत म्हणून. देल्फिनाने तिकडे लक्ष दिलं नाही, कारण आल्बा नेहमीच कुरकुरायची. तिसऱ्या दिवशी दुपारी आल्बा वाकलेली होती ती तशीच तोंडावर पाण्यात पडली. देल्फिनाने आणि आणखी एकीने तिला ओढत वर खोलीत नेलं. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि डोळे उघडून पाहिले तर पांढऱ्याच्या जागी पिवळे. उंदरांनी घाण केलेल्या पाण्यातून हा ताप येतो हे इथल्या बायांना ठाऊक होतं. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

देल्फिना अनवाणी जिना उतरून अंगणात आली. अंगणात टांगा जुंपून उभा होता. टांगा हाकणारा पोरगा, गौदेन्झो, फडक्याने बैठक पुसत होता. दिसायला बरा, बोलायला कमी, खाचरात पाण्याचे हंडे घेऊन यायचा तेव्हा आल्बाकडे चोरून बघायचा तो हाच.

"गौदेन्झो, आल्बाला शहरात हॉस्पिटलात न्यायला हवं. आत्ताच्या आत्ता."

त्याने फडकं खाली ठेवलं आणि तबेल्याच्या दाराकडे पाहिलं. दारात मुकादम उभा होता.

"टांगा स्टेशनावर चाललाय," मुकादम म्हणाला. "मालकांचे पाहुणे येतायत तुरिनहून."

"तिचे डोळे पिवळे झालेत!"

"हंगाम संपत आला की तुम्हा बायकांना काही ना काही होतंच. दरवर्षीचं आहे ते. लिंबाचं पाणी दे आणि झोपव."

"ती मरेल, ओत्तोनेसाहेब."

"मरायला काय झालंय? सकाळी जेवली ना? उद्या बघू." आणि मग गौदेन्झोला, "तू काय ऐकत बसलायस? गाडी यायची वेळ झाली."

गौदेन्झो टांग्यावर चढला. लगाम हातात घेऊन क्षणभर तसाच बसला. देल्फिनाला वाटलं, हा आता खाली उतरेल. त्याने जिभेने टक् केलं आणि घोडा चालू लागला. टांगा फाटकातून बाहेर पडला, पॉप्लरच्या रांगेआड गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा त्यात टोप्यांचे गोल डबे होते आणि झुळझुळीत कपड्यांतली माणसं. वर खोलीत आल्बा आईला हाका मारत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मुकादम स्वतः वर आला, त्याने तिच्याकडे पाहिलं आणि टांगा काढायला लावला. हॉस्पिटलातल्या ननने आल्बाची पापणी वर केली, देल्फिनाला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "काल का नाही आणलं, बाळ?"  दुपारच्या घंटा व्हायच्या आत आल्बा गेली. तिला सान ग्रातोच्या दफनभूमीत कोपऱ्यात पुरलं, कारण शवपेटी एवढ्या दूर गावाकडे नेणं त्यांच्यासारख्यांना शक्य नव्हतं. आई पोचली तेव्हा वरची माती वाळायला लागली होती.

त्या हिवाळ्यात गौदेन्झो त्यांच्या गावी आला. आल्बाची पत्र्याची पेटी वाडीवर राहून गेली होती, ती आगगाडीने घेऊन. आईने त्याला मक्याचा गरम घाटा वाढला. तो दोन घास खाऊन ताटलीत तोंड खुपसून रडायला लागला. आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आईला ठाऊक नव्हतं. देल्फिना चुलीपाशी उभी राहून बघत होती.

पुढच्या हंगामात ती पुन्हा रोवास्कावर आली. पोटाचा प्रश्न होता, यावं लागलं. आणि त्याच्या पुढच्या वर्षी तिने गौदेन्झोशी लग्न केलं.

असं का केलंस, असं पालमिराने तिला एकदा विचारलं होतं. "त्याच्यावर डोळा ठेवायला कुणीतरी नको का?" एवढंच देल्फिना म्हणाली. खरं कारण तिला तरी धड कुठे सांगता येत होतं! आल्बाची कबर इथे होती. आणि आल्बाचं नाव निघालं की सगळ्या पंचक्रोशीत नजर खाली घालणारा हा एकच माणूस होता. मुकादम हसत होता, मालक गाडीतून फिरत होते, बाया पुढच्या हंगामाची गाणी बसवत होत्या. याला तेवढं टोचत होतं. ज्याला टोचतं अशा माणसापाशी राहणं तिला सोपं वाटलं.

नवरा म्हणून तो वाईट नव्हता. हात उगारला नाही, दारू प्यायला नाही, लाकडं फोडून आणायचा, मुलांना खांद्यावर घेऊन कालव्यावर बेडूक पकडायला न्यायचा. त्या दिवसाबद्दल दोघं एकदाच बोलले, लग्नानंतरच्या पहिल्या वसंतात, खाचरांत नवं पाणी सोडलं होतं तेव्हा.

"घोडा का नाही वळवलास?" तिने विचारलं.

"मुकादम बघत होता," तो म्हणाला.

त्याने दुसरं काही पुढे केलं नाही. मी लहान होतो, नोकरी गेली असती, मला कळलं नाही, यातलं काहीच तो म्हणाला नाही. ती गोष्ट देल्फिनाने मनात जपून ठेवली. याने निदान खोटं सांगितलं नाही, या एका गोष्टीवर तिने त्याच्याबरोबर संसार केला. क्षमा केली का? नाही. पण त्याची गरजही तिला कधी वाटली नाही. दोघांमध्ये ते खरं होतं, जेवणाच्या टेबलावर मिठाचं भांडं असावं तसं, आणि ते कुणी हलवत नव्हतं.

मग तण मारायची औषधं आली आणि बायांची गरज संपली. झोपायच्या खोलीत पोती रचली गेली. गौदेन्झो टांग्यावरून ट्रॅक्टरवर आला, ट्रॅक्टरवरून पेन्शनवर. मुलं शहरात गेली. आल्बाच्या कबरीची मुदत संपली तेव्हा हाडं काढून दफनभूमीच्या भिंतीतल्या लहान कोनाड्यात ठेवली. त्यावर नावाची पट्टी देल्फिनाने बसवून घेतली, आणि दर शनिवारी ती पुसून यायची.

इतकी वर्षं गेल्यावर मालकांची नात कोस्तान्झा मिलानहून परत आली आणि तिने रोवास्काचं रूप पालटायला घेतलं. तबेल्यांच्या जागी पाहुण्यांच्या खोल्या, धान्याच्या कोठारात जेवणघर, आणि वरच्या खोलीत निंदणीवाल्या बायांचं संग्रहालय. शहरातले लोक हल्ली असलं बघायला येतात, वारसा, परंपरा, जुना भाताचा मुलूख. मुलगी काही वाईट नव्हती. लघळ नव्हती, हात राखून बोलायची नाही. ती घरी आली आणि देल्फिनाच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसली.

"देल्फिना आजी, तुमच्या गटाने आमच्याकडे रविवारी गायचं. आणि गौदेन्झो आजोबांनी टांगा हाकायचा. तोच टांगा, मी दुरुस्त करून घेतलाय. पाहुण्यांना बांधाबांधाने फिरवून आणायचं."

गौदेन्झोच्या तोंडावर जे आलं ते देल्फिनाने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याचे गुडघे गेले होते, दिवसभर तो खिडकीशी बसून रस्त्यावरच्या मोटारी बघायचा. तो म्हणाला, "घोडा कुठला आणणार?"

ती गेल्यावर देल्फिना म्हणाली, "त्या टांग्यावर बसणार तू?"

"देल्फिना, टांगा आहे गं तो. लाकूड आहे."

 दुसऱ्या दिवशी देल्फिना एकटी रोवास्कावर गेली. फाटकातून आत शिरताना तिची पाठ आपोआप वाकली आणि तिला स्वतःचा राग आला. नातीच्या वयाच्या पोरीला 'तू' म्हणायचं ठरवून आली होती, पण जीभ वळली ती 'तुम्ही'कडेच.

"तुम्ही भिंतीवर सगळं लावताय. तिथे माझ्या बहिणीचं नाव लावा. आल्बा. इथे आजारी पडली, टांगा मिळाला नाही, मेली. एवढंच लिहा."

कोस्तान्झाला हे ठाऊक नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं, तिचे डोळे भरले, तिने देल्फिनाचे दोन्ही हात धरले. "लावीन. शब्द देते."

उद्घाटनाच्या दिवशी देल्फिना चांगला निळा पोशाख घालून गेली. जिना चढून वर आली आणि समोरच्या भिंतीवर तिला आल्बा दिसली. छतापर्यंत मोठी केलेली. तोच मेहुण्याने काढलेला फोटो, टोपी मागे, तिरका दात, हसतेय. खाली लिहिलं होतं: 'भातखाचरातलं हसू'. नाव नाही, दुसरं एक अक्षर नाही.

कोस्तान्झा तिला खिडकीपाशी घेऊन गेली. "आजी, मी भांडले हो घरी. काका म्हणाले, नाव घातलं की कशाने गेली ते घालावं लागेल, आणि ते घातलं की माझ्या आजोबांवर येईल. वकीलही तेच म्हणाले. पण बघा ना, सगळ्यांत मोठा फोटो तिचाच लावलाय मी."

"तिने त्या वेळी काय म्हटलं होतं ते सांगू का तुमच्या काकांना?" देल्फिना म्हणाली आणि जिना उतरली.

पण हे तिथेच थांबलं नाही. सप्टेंबरात कापणी झाली आणि गावच्या दुकानात रोवास्काच्या तांदळाच्या नव्या पिशव्या आल्या. जाड, राखाडी, कापडासारख्या कागदाच्या. पिशवीवर आल्बा हसत होती. दुकानात पालमिरा होती, तिने एक पिशवी उचलून हातभर लांब धरली.

"अगं देल्फिना, बघ तरी! पार जर्मनीला जाणार म्हणे ही. आल्बाने कधी जन्मात जर्मनी पाहिली असती का?"

"तिने पुढचा उन्हाळाही नाही पाहिला, पालमिरा."

"तुझं नेहमीचंच. माझा फोटो लावला असता तर मी मिरवले असते."

"तू जिवंत आहेस. तू मिरव."

त्या दिवसापासून देल्फिनाने गाणं सोडलं. गटातल्या बाया समजवायला आल्या, केक घेऊन आल्या, रागावून गेल्या. घरी गौदेन्झोशीही ती तुटक वागू लागली. तो दर रविवारी दाढी करून, पांढरा शर्ट घालून टांग्यावर जायचा आणि उन्हाने लाल होऊन परत यायचा. पोरं त्याच्या मांडीवर बसून लगाम धरायची, बाया त्याच्याबरोबर फोटो काढायच्या. त्याची भूक वाढली. तो शिट्टी वाजवायला लागला. ती शिट्टी ऐकून देल्फिना स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची.

एका रविवारी मात्र तिला राहवलं नाही. ती रोवास्कावर गेली, जिना चढली आणि माहिती सांगणाऱ्या मुलीला म्हणाली, "तू बाजूला हो." शहरातली पंधरावीस माणसं होती. देल्फिना त्या स्वच्छ पांढऱ्या गाद्यांच्या रांगेत उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. ताप, पिवळे डोळे, मुकादम, टोप्यांचे डबे. नवऱ्याचं नाव तिने घेतलं नाही, टांगेवाला एवढंच म्हणाली. बोलणं संपलं. एक बाई उघड रडत होती. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. देल्फिनाला वाटलं, झालं. इतक्या वर्षांनी का होईना, बाहेर पडलं.

मग खालून घंटा वाजली, जेवण तयार असल्याची. लोकांनी डोळे पुसले, तिचे हात दाबले आणि खाली गेले. थोड्या वेळाने ती उतरली तेव्हा ते लांब टेबलावर बसून राजमा आणि सॉसेज घातलेला भात खात होते, आणि ती रडणारी बाई पुन्हा मागून घेत होती.

कोस्तान्झा धावत अंगणात आली. तिचे गाल लाल झाले होते.

"आजी, काय सांगितलंत तुम्ही! अंगावर काटा आला सगळ्यांच्या. दर रविवारी सांगाल का? काकांची समजूत मी काढते, मुकादमापर्यंतच ठेवू, मालकांचं नाव नको. लोकांना असं खरंखुरं काहीतरी हवं असतं."

देल्फिना तिच्याकडे बघत राहिली. "नाही," ती म्हणाली. "मी काही भात नाही, दर रविवारी शिजायला."

तिला वाटलं विषय संपला. पुढचा सगळा हिवाळा ती तिकडे फिरकली नाही. खाचरांत पुन्हा पाणी आलं, बगळे आले, शहरातल्या बस यायला लागल्या. एक दिवस दफनभूमीतून परतताना तिला वाटेत एक अनोळखी जोडपं भेटलं. बाईच्या हातात तांदळाची पिशवी होती.

"तुम्ही इथल्याच का हो?" बाई म्हणाली. "आत्ताच आम्ही ती गोष्ट ऐकून आलो. या मुलीची आणि तिच्या प्रियकराची."

"कुठला प्रियकर?"

"टांगेवाला हो! मुकादमाचा हुकूम मोडून, नोकरीवर लाथ मारून तिला टांग्यात घालून नेलं ना त्याने शहरात. घोडा तोंडाला फेस येईस्तो पळवला. त्याच्या मांडीवर तिने प्राण सोडला. आणि आम्ही त्याच्याच टांग्यात बसलो हो आज! मी विचारलं त्यांना, खरं का हे? त्यांनी नुसती मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं बिचाऱ्यांच्या."

देल्फिना तिथून तडक पालमिराकडे गेली. पालमिरा वाटाणे सोलत होती.

"तू सांगतेस हे?"

"मग कोण सांगणार? तू नाही म्हणालीस, त्या पोरीने मला विचारलं. मीही तिथेच होते की त्या वर्षी."

"हुकूम मोडून? मांडीवर?"

"अगं, थोडंफार इकडे तिकडे होतंच सांगताना. तुझी गोष्ट ऐकून लोकांचं जेवण गोड लागत नव्हतं, ती पोर म्हणाली. शेवट जरा मऊ कर म्हणाली. मी मऊ केला. त्यात कुणाचं काय गेलं? आल्बाला प्रियकर मिळाला, तुझा नवरा हिरो झाला. तुला नवऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही का?"

देल्फिनाने वाटाण्याचं भांडं उचललं आणि अंगणात भिरकावलं. कोंबड्या धावल्या. त्यानंतर त्या दोघी एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत.

गौदेन्झो घरी आला तेव्हा ती टेबलाशी बसली होती. जेवण केलेलं नव्हतं. त्याने टोपी खुंटीला लावली, तिच्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं.

"मान हलवलीस म्हणे."

तो खुर्चीत बसला. हात मांडीवर ठेवले. "लोक विचारतात गं. काय सांगू?"

"मला जे सांगितलंस ते. मुकादम बघत होता. तीन शब्द आहेत, फार नाहीत."

"बायकामुलं असतात समोर."

"आल्बा नव्हती समोर? तू कुठे होतास ते तिला कळत होतं, गौदेन्झो. ती वरून चाकांचा आवाज ऐकत होती. म्हणाली, आला बघ. मी म्हटलं, तो स्टेशनावरून पाहुणे घेऊन आलाय. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते."

त्याचा चेहरा पांढरा पडला. तो टेबलावरच्या भेगेवर बोट फिरवत राहिला. मग इतक्या हळू बोलला, की तिला ओठांकडे बघावं लागलं.

"पालमिरा सांगते तेव्हा मी खाली टांग्यापाशी असतो. खिडकी उघडी असते. ऐकू येतं. त्यात मी तिला घेऊन जातो, देल्फिना. दर रविवारी जातो. त्या गोष्टीत तरी मी गेलो ना."

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याचं डोकं छातीशी धरावंसंही वाटलं. तिने यातलं काहीच केलं नाही. ती उठली, तिने मुलाच्या रिकाम्या खोलीत स्वतःचं अंथरूण टाकलं, आणि त्यानंतर ती तिथेच झोपत राहिली. त्याचे कपडे धुतले, त्याला जेवायला वाढलं, गोळ्या वेळेवर दिल्या. पण संसार ज्या एका खऱ्यावर उभा होता, ते त्याने अंगणात उभं राहून मानेच्या एका झटक्याने देऊन टाकलं होतं, आणि ते परत मागायची सोय नव्हती. तो रविवारी जात राहिला. शर्टाला इस्त्री मात्र आता तो स्वतः करायचा, वेडीवाकडी.

दोन हिवाळ्यांनी गौदेन्झो गेला. छातीत कफ झाला, आठवडाभर अंथरुणात होता. शेवटच्या दिवशी त्याने देल्फिनाचा हात शोधला, तिने दिला. तो काहीतरी बोलेल असं तिला वाटलं. तो बोलला नाही.

प्रेतयात्रेला एवढी माणसं आली, जेवढी त्या चर्चमध्ये कुणी पाहिली नव्हती. शहरातून आली, कोस्तान्झा आली, तिचे काकासुद्धा आले. नवा तरुण पाद्री वेदीपाशी उभा राहून म्हणाला, "ज्या माणसाने तरुणपणी मालकाच्या हुकुमापेक्षा एका परक्या मुलीचा जीव मोठा मानला, त्याला आज आपण निरोप देतोय." लोकांनी माना डोलावल्या. पहिल्या बाकावर, काळ्या रुमालात, देल्फिना बसली होती. एक वाक्य पुरलं असतं. तिने मागे वळून पाहिलं. मुलगा रडत होता, नात बापाच्या बाहीला धरून पाद्र्याकडे डोळे विस्फारून बघत होती. मुलांना तिने खरं कधी सांगितलं नव्हतं, बापाची लाज वाटू नये म्हणून. आता सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं? म्हणाले असते, पुरातली आहे ती, तिच्या तोंडाला कोण लागणार. देल्फिना समोर वळली आणि गप्प बसली. त्या गप्प बसण्याची चव तिच्या तोंडातून पुढे कधी गेली नाही.

ती अजून त्याच घरात राहते, कालव्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून. उन्हाळ्यात दारात खुर्ची टाकून बसते. रविवारी एखादी मोटार हळू होते, काच खाली येते आणि कुणीतरी विचारतं, "आजीबाई, ती टांगेवाल्याची वाडी, रोवास्का, कुठे हो? त्या शूर टांगेवाल्याची?"

देल्फिना काठीने दाखवते. "सरळ जा. पूल लागेल. पुलावरून डावीकडे."

मोटार निघून जाते. रस्त्यावरची धूळ बसेपर्यंत ती बघत राहते, मग खुर्ची उचलून आत घेते.